फोन लेकीनंच करायचा



आजचा विषय आपल्या कार्यक्रमात पूर्वी कधी आलेला नाही. इथल्या कॉलेजांत सैन्याचे अधिकारी घडवणारा एक अभ्यासक्रम असतो, त्याची स्कॉलरशिप असते, आणि त्यासाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींनी तिथल्या लोकांशी संपर्क कसा करायचा, याबद्दल मी बोलणार आहे. मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. माझ्या मुलीनं हा अर्ज केला, त्या दीड वर्षात मी काही गोष्टी शिकले आणि एक चूकही केली. तेवढीच माझी पात्रता.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी इथंच जन्मली. अकरावी संपली त्या जूनमध्ये एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, मला आर्मी आर.ओ.टी.सी.ची स्कॉलरशिप भरायची आहे." माझ्या हातातला घास हातातच राहिला. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. माझे वडील, आबा, मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सैन्य म्हणजे काय ते मी घरात बघितलेलं आहे. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा बाप, आणि पत्र आलं नाही की देवापुढे बसणारी आई. म्हणून मी पटकन म्हणून गेले, "तू अभ्यास कर, फीचं आम्ही बघू." ती म्हणाली, "फीसाठी नाही म्हणत मी."

तर आधी हे आर.ओ.टी.सी. म्हणजे काय ते सांगते. 'रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर'. 1916 च्या कायद्यानं ते सुरू झालं. आपल्याला ऐकताना एन.सी.सी.ची आठवण येते, आणि परेड, गणवेश, कॅम्प हे सगळं इथंही आहे. पण फरक मोठा आहे. इथं चार वर्षं पूर्ण केलेली मुलगी पदवीबरोबरच सैन्यात अधिकारी होते. आर्मीत आणि एअर फोर्समध्ये सेकंड लेफ्टनंट, नेव्हीत एनसाइन. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स अशी तिघांची वेगवेगळी आर.ओ.टी.सी. आहे, अर्जही वेगळे. मरीनमध्ये जायचं असेल तर नेव्हीतून जातात. वेस्ट पॉइंट किंवा ॲनापोलिसची अकॅडमी ही निराळी गोष्ट. तिथं बहुतेकांना काँग्रेसच्या सदस्याची शिफारस मिळवावी लागते. आर.ओ.टी.सी.ला ती लागत नाही. मूल साध्या कॉलेजात शिकतं, साध्या डॉर्ममध्ये राहतं आणि आठवड्यातले काही तास कॅडेट असतं. मुलींना आर्मीच्या आर.ओ.टी.सी.त 1970 च्या दशकात प्रवेश मिळाला, आणि लढाईतल्या सगळ्या जागा स्त्रियांना खुल्या करण्याचा निर्णय 2015 च्या डिसेंबरात झाला.

मिळतं काय? आर्मीची स्कॉलरशिप असेल तर कॉलेजची पूर्ण फी, किंवा त्याऐवजी राहण्याजेवणाचा खर्च, यातलं एक निवडता येतं. पुस्तकांसाठी वर्षाला 1200 डॉलर आणि कॉलेज चालू असेल त्या महिन्यांत दरमहा 420 डॉलर हातखर्चाला. द्यावं काय लागतं? आर्मीची बांधिलकी एकूण आठ वर्षांची. साधारणपणे त्यातली चार वर्षं पूर्णवेळ नोकरी, उरलेली रिझर्व्हमध्ये. नेव्हीत पूर्णवेळ पाच वर्षं. एअर फोर्समध्ये चार, पण वैमानिक झालं तर प्रशिक्षण संपल्यापासून दहा. आणि ही गोष्ट लक्षात ठेवा: चार वर्षांची स्कॉलरशिप मिळालेलं मूल पहिलं वर्ष संपेपर्यंत सोडून जाऊ शकतं, त्याच्यावर काही देणं राहत नाही. दुसरं वर्ष सुरू झालं की मात्र शब्द दिला. मग सोडलं तर पैसे परत करावे लागतात किंवा सैन्यात नोकरी करावी लागते.

आता आपल्या घरांसाठी सगळ्यात पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. स्कॉलरशिप फक्त अमेरिकन नागरिकांना मिळते. ग्रीन कार्डावर किंवा एच-फोरवर असलेल्या मुलांना ती मिळत नाही. तुमचं मूल लहानपणी भारतातून आलं असेल आणि नागरिकत्वाचं काम अर्धवट पडलं असेल, तर कुठलाही फोन करायच्या आधी तो कागद बघा.

दुसरा कागद ओ.सी.आय. कार्डाचा. हे मला फार उशिरा कळलं. भारत सरकारच्या नियमाप्रमाणे परदेशी सैन्यात नोकरीत असलेली किंवा तिथून निवृत्त झालेली माणसं ओ.सी.आय.ला पात्र नसतात. म्हणजे उद्या माझी लेक अधिकारी झाली तर आजोळी जाण्यासाठी तिला व्हिसा काढावा लागेल. हातात असलेल्या कार्डाचं काय आणि कधी करायचं, ते भारतीय वकिलातीत विचारून घ्या. हे ऐकलं त्या दिवशी मला फीचे आकडे कुठल्या कुठे वाटले.

आता त्या फोनकडे येते. पहिली गोष्ट, फोन करायचा कुणाला? बाजारातल्या दुकानांच्या रांगेत सैन्याचं जे भरती कार्यालय दिसतं, तिथं नाही. तिथल्या माणसाचं काम प्रामुख्यानं शिपाई भरती करण्याचं. चांगला माणूस असेल तर तो तुम्हाला पुढचा पत्ता देईल, पण आर.ओ.टी.सी.चा दरवाजा कॉलेजातच असतो. ज्या कॉलेजात हा अभ्यासक्रम आहे तिथं त्याचं कार्यालय असतं. आर्मीच्या कार्यालयाच्या प्रमुखाला 'प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्स' म्हणतात, तो बहुधा लेफ्टनंट कर्नल असतो. पण अर्जदारांशी बोलणारा माणूस वेगळा असतो. त्याचं पद 'रिक्रूटिंग ऑपरेशन्स ऑफिसर'. पहिला ईमेल, पहिला फोन त्याला. नेव्हीच्या प्रमुखाला 'प्रोफेसर ऑफ नेव्हल सायन्स' आणि एअर फोर्सच्या प्रमुखाला 'प्रोफेसर ऑफ एरोस्पेस स्टडीज' म्हणतात. तिथंही नव्या मुलांसाठी एक अधिकारी नेमलेला असतो. फोन उचलणाऱ्याला "स्कॉलरशिपच्या अर्जाबद्दल कुणाशी बोलू?" एवढं विचारलं तरी पुरतं.

पसंतीच्या कॉलेजात आर.ओ.टी.सी. नसेल तर लगेच नाव खोडू नका. पुष्कळ कॉलेजांचा शेजारच्या कॉलेजाशी करार असतो. हार्वर्डची मुलं यासाठी एम.आय.टी.त जातात. प्रिन्स्टनमध्ये आर्मीचं स्वतःचं कार्यालय आहे, पण नेव्हीसाठी तिथली मुलं आपल्या रटगर्सला येतात.

आता माझी चूक. मुलीनं सहा कॉलेजांची यादी केली. जून संपला, जुलै निम्मा गेला, तरी तिनं एकही फोन केला नव्हता. "करते गं आई" एवढंच. मला राहवेना. एक दिवस दुपारी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मीच फोन लावला. पलीकडे एक मध्यमवयीन गृहस्थ होते. मी मुलीचे गुण सांगितले, तिचं पोहणं सांगितलं, आबांची नोकरीसुद्धा सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "तुमचे प्रश्न चांगले आहेत. पण पाच वर्षांनी तुमच्या मुलीच्या हाताखाली तीस-चाळीस सैनिक असतील. तेव्हा तिला अनोळखी माणसाशी बोलावं लागेल. मला तिच्याशी बोलायला आवडेल."

मला त्या क्षणी फार लाजल्यासारखं झालं. रागही आला. आपल्याकडे शाळेच्या ॲडमिशनपासून लग्नापर्यंत आईबापच बोलणी करतात, त्यात प्रेमच असतं. पण घरी जाताना गाडीत विचार केला तेव्हा पटलं. ते तिचे गुण तपासत नव्हते, ते तर कागदावर दिसतातच. फोनवर त्यांना ती कशी आहे ते बघायचं होतं, आणि मी तीच जागा अडवून बसले होते. रात्री मुलीला सांगितलं. ती चिडली, दार आपटून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं त्याच गृहस्थांना स्वतः फोन केला. पहिलं वाक्य होतं, "काल माझ्या आईनं फोन केला होता, आज मी बोलते आहे." ते हसले म्हणे, आणि वीस मिनिटं बोलले.

तो फोन संपल्यावर तिची भीड गेली. मग आम्ही एक पद्धत ठरवली, ती तुम्हाला सांगते. आधी ईमेल. सात-आठ ओळींचा, आणि प्रत्येक कॉलेजला वेगळा. त्यात स्वतःचं नाव, शाळा, गाव आणि बारावी कधी संपणार ते. कुठला विषय शिकायचा आहे. स्कॉलरशिपचा अर्ज सुरू केला आहे की करणार आहे. गुणांची सरासरी, खेळ आणि नेतृत्वाचं एखादं काम, एकेका ओळीत. हेच कॉलेज का, ते एका वाक्यात. आणि शेवटी, "मला फोनवर पंधरा मिनिटं बोलता येईल का, किंवा येऊन भेटता येईल का?" एकच मजकूर सगळ्यांना पाठवला की तो ओळखू येतो. आठवडाभर उत्तर नाही आलं तर फोन करायचा. उन्हाळ्यात हे लोक कॅडेटांना घेऊन शिबिरांवर गेलेले असतात, म्हणून उत्तर आलं नाही तर मनाला लावून घ्यायचं नाही. व्हॉइसमेलवर नाव आणि नंबर सावकाश, दोनदा सांगायचा. आपली नावं तिकडे पटकन कळत नाहीत. आणि मुलांचा स्वतःचा व्हॉइसमेल चालू आहे ना, त्यात जागा आहे ना, तेही बघा. माझ्या लेकीचा भरलेला होता!

फोनवर विचारायचं काय? जे त्यांच्या माहितीपत्रकात आधीच छापलेलं आहे ते विचारू नये. माझ्या मुलीनं वहीत लिहिलेले प्रश्न असे होते. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला किती कॅडेट होते, आणि त्यातले किती शेवटपर्यंत टिकतात? मला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं आहे, त्याच्या प्रॅक्टिकलच्या वेळा आणि तुमच्या वेळा जमतात का? आठवड्यात सकाळचा व्यायाम किती दिवस, किती वाजता? देशपातळीवरची स्कॉलरशिप मिळाली नाही तर कॉलेजातून पुढे मिळण्याची शक्यता किती? स्कॉलरशिप मिळालेल्यांना कॉलेज राहण्याजेवणाची सवलत देतं का? काही कॉलेजं देतात, आणि तिथं हजारोंचा फरक पडतो. मला एक दिवस येऊन तुमचा व्यायाम आणि वर्ग बघता येईल का?

शेवटचा प्रश्न मी सांगितलेला होता: "तुमच्या एखाद्या मुलगी कॅडेटशी मला एकटीला बोलता येईल का?" मैत्रिणींनो, हा प्रश्न मुलींना जरूर विचारायला लावा. रात्रीच्या शिबिरात राहण्याची सोय कशी असते, कुणी वाईट वागलं तर कुणाकडे जायचं, तक्रार केलेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे अधिकाऱ्यापेक्षा तिसऱ्या वर्षाची मुलगी खरं सांगेल. एका कॉलेजानं लगेच दोन मुलींचे नंबर दिले. एका कॉलेजातून "बघतो" म्हणाले आणि पुढे काही कळवलं नाही. ते कॉलेज मुलीनं आपल्या आपण यादीत खाली ढकललं. संपर्क करायचा तो याचसाठी. ते आपल्याला बघतात तसं आपणही त्यांना बघून घ्यायचं.

आणखी एक गैरसमज दूर करते. त्या कार्यालयातल्या माणसाशी ओळख झाली म्हणजे कॉलेजात प्रवेश मिळाला असं नाही. कॉलेजचा अर्ज वेगळा, स्कॉलरशिपचा अर्ज वेगळा. स्कॉलरशिप मिळाली आणि कॉलेजानं नाही म्हटलं, तर त्या कॉलेजात ती वापरता येत नाही. म्हणून यादीत आपल्या राज्याचं, नक्की प्रवेश मिळेल असं एक तरी कॉलेज ठेवा.

आर्मीच्या अर्जात मुलाखत असते. ती यादीतल्या कॉलेजातच द्यावी लागते असं नाही, घराजवळच्या आर.ओ.टी.सी. कार्यालयात देता येते. त्यासाठीही मुलीनंच फोन करून वेळ घेतली. शारीरिक चाचणीही असते, जोर, पोटाचे व्यायाम आणि एक मैल धावणं. त्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू करा. मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. आत जाताना तिनं मला खुणेनंच सांगितलं, तू इथंच. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांनी विचारलं, शिपाई म्हणून का नाही, अधिकारीच का?" मी विचारलं, "मग काय सांगितलंस?" म्हणाली, "आजोबा सांगायचे ना, चांगला साहेब असला की माणसं सुखरूप घरी येतात. ते सांगितलं." मी काही बोलले नाही. गाडी सुरू केली.

मग वैद्यकीय तपासणी. ही स्कॉलरशिप देऊ केल्यानंतर होते. तेराव्या वाढदिवसानंतर दमा झालेला असेल, इनहेलर वापरलेला असेल, तर ते अपात्रतेचं कारण ठरतं. माझ्या मुलीला चौदाव्या वर्षी एका हिवाळ्यात इनहेलर दिला होता. फॉर्ममध्ये तो प्रश्न आला आणि माझ्या मनात आलंच, दोनच महिने तर होता, कशाला लिहायचं? त्या रविवारी साताऱ्याला फोन केला तेव्हा आबांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेबापुढं खोटं बोलून सुरुवात करायची असंल, तर जाऊच नको म्हणावं तिला." तिनं सगळं खरं लिहिलं. अपात्र असल्याचं पत्र आलं. घरात आठवडाभर सुतक असल्यासारखं होतं. पण तिनंच पुन्हा त्या कार्यालयात फोन केला आणि पुढे काय करता येतं ते विचारलं. सूट देण्याची तरतूद आहे, ती सगळ्यांना मिळतेच असं नाही. श्वासाची चाचणी झाली, डॉक्टरांचे जुने कागद गोळा केले, आणि जूनच्या शेवटी सूट मिळाली. पहिल्या दिवसापासून तिच्याशी बोलणारा माणूस तिथं होता म्हणून कुठला कागद कुठं पाठवायचा ते कळलं.

निकाल मी मध्येच सांगून गेले, तो नीट सांगते. आर्मीची निवड एकदाच होत नाही, निवड मंडळ वर्षातून काही वेळा बसतं. शरद ऋतूतल्या पहिल्या फेरीत तिचं नाव नव्हतं. अर्ज आपोआप पुढच्या फेरीत गेला. मधल्या काळात तिनं नवे गुण कळवले आणि ज्या ज्या माणसाशी बोलली होती त्याला दोन ओळींचा निरोप पाठवला. मार्चमध्ये तीन वर्षांची स्कॉलरशिप मिळाली. म्हणजे पहिल्या वर्षाची फी आम्ही भरायची, दुसऱ्या वर्षापासून आर्मी भरणार. चार वर्षांची मिळाली नाही म्हणून ती थोडी हिरमुसली. मला मात्र बरं वाटलं. एक वर्ष तिला विचार करायला मिळालं.

आबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. आई मागून विचारत होती, "कुणाच्या सैन्यात? आपल्या का त्यांच्या?" आबा तिला म्हणाले, "ती जिथं जन्मली, तिथलं मीठ खाते ती. मी माझ्या ठिकाणचं खाल्लं." मग मला म्हणाले, "व्हिसा वेळेत काढत जा म्हणावं."

आता ती पहिल्या वर्षाला आहे. पहाटे पाचला उठते. घरी असताना नऊला उठवावं लागायचं! येत्या ऑगस्टमध्ये, दुसरं वर्ष सुरू होताना, तिला करारावर सही करायची की नाही ते ठरवायचं आहे. जगात काय चाललं आहे ते मीही बातम्यांत बघते. ती सही करेल असं मला वाटतं. सही करू नये असंही मला अधूनमधून वाटतं, ते तिला ठाऊक आहे. तिच्या अधिकाऱ्याला विचारावेत असे चार-पाच प्रश्न माझ्याकडे आहेत. ते मी एका कागदावर लिहून तिला दिले आहेत. फोन ती करेल.

तुमच्या घरी असा विषय निघाला, तर आधी ऐकून घ्या. नागरिकत्वाचा कागद बघा, ओ.सी.आय.चं बोला, वर्षं मोजा. प्रश्न हवे तेवढे लिहून द्या. आणि फोन मुलांच्या हातात द्या.